५३ चा आकडा

दादाची अंगठी रविवारी हरवली आणि मला कळलं मंगळवारी, तेही भाचीच्या फोनवरून. "आत्या, घरात कोणी कोणाशी बोलत नाहीये. बाबांची अंगठी समुद्रात गेली." मग दादाला फोन लावला. त्याची हकीकत तयार होती, दोन दिवसांत दहा जणांना सांगून घोटलेली. पाणी गार होतं, गार पाण्यात बोटं आकसतात, त्यात हाताला सनस्क्रीनचा ओशटपणा, एक मोठी लाट आली आणि अंगठी निसटली. "निसटताना मला चक्क जाणवलं गं," तो म्हणाला. या एका वाक्यापायी माझे दोन दिवस फुकट गेले.

आमच्या ऑफिसातल्या एकाला मेटल डिटेक्टरचा नाद आहे. सुट्टीच्या दिवशी भल्या पहाटे हेडफोन लावून किनाऱ्यावर मान खाली घालून फिरणारे लोक असतात ना, त्यातला तो. आजवर आम्ही त्याची टिंगलच केली होती. बुधवारी मी त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले, तेव्हा त्याने त्याची आठवण करून दिली नाही, हा त्याचा चांगुलपणा. यंत्र द्यायला लगेच तयार झाला, पण एका अटीवर. "आधी एक संध्याकाळ घराच्या आवारात शीक. थेट किनाऱ्यावर नेलंस तर अर्ध्या तासात वैतागून परत आणशील."

त्या संध्याकाळी त्याने माझ्याच वस्तू मातीत पुरायला लावल्या. माझी अंगठी (दोऱ्याला बांधून, म्हणजे हीपण हरवायला नको), एक खिळा, चॉकलेटच्या चांदीची चुरगळलेली गोळी (नावाला चांदी, असतं अॅल्युमिनियम), शीतपेयाच्या कॅनची ओढून काढायची कडी आणि गळ्यातली बारीक साखळी. सगळं चार-चार बोटं खोल. मग कॉइल, म्हणजे यंत्राच्या दांड्याच्या टोकाची चपटी तबकडी, जमिनीपासून दोन बोटांवर ठेवून, जमिनीला समांतर, डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवायची. नवखा माणूस झाडू मारल्यासारखी फिरवतो आणि प्रत्येक फेऱ्याच्या टोकाला कॉइल वर उचलली जाते. मीही तेच करत होते. उचललेल्या कॉइलखालची दोन्ही टोकं कोरडीच राहतात, म्हणजे तिथे आपण शोधलंच नाही असं धरायचं.

यंत्राचं तत्त्व त्याने थोडक्यात सांगितलं. कॉइलमधून सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. वाटेत धातू आला की त्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह सुरू होतात, त्या प्रवाहांचं स्वतःचं एक इवलंसं क्षेत्र तयार होतं आणि दुसरी कॉइल ते टिपते. ते किती उशिरा परत आलं यावरून धातूचा अंदाज बांधून यंत्र पडद्यावर आकडा दाखवतं. माझ्या हातातल्या यंत्रावर तो ० ते ९९ असायचा: लोखंड तळाला, चांदी वर, आणि मधल्या सगळ्या पट्ट्यात उरलेलं जग.

अंगठी म्हणजे बंद कडं. त्यात प्रवाह गोल फिरू शकतो, म्हणून ती तिच्या वजनाच्या मानाने मोठ्याने ओरडते. साखळीचं उलटं. माझी साखळी अंगठीहून जड होती, पण यंत्राला ती एक साखळी दिसतच नाही, शंभर सुट्या बारीक कड्या दिसतात. अगदी कॉइल टेकवली तेव्हा कुठे एक चिरका आवाज आला, तोही बहुतेक फाशाचा. पुढे एका बाईंची पातळ चेन शोधायला गेले होते, दोन दिवस गाळलेली ती वाळू आठवली की अजून कंबर दुखते. सापडली नाही.

खरा धक्का कॅनच्या कडीने दिला. अंगठीवर आकडा आला ४८. कडीवर आला ५३. चॉकलेटच्या चांदीची गोळी चुरगळण्याप्रमाणे ४० ते ५० मध्ये कुठेही. म्हणजे आवाज तोच, आकडा जवळपास तोच, आणि एक सोनं तर दुसरा कचरा. शुद्ध सोनं विजेचं उत्तम वाहक, पण दागिन्यात ते शुद्ध नसतं. १८ कॅरेट म्हणजे ७५ टक्के सोनं, बाकी तांबं, चांदी वगैरे. मिश्रण झालं की वहन पुष्कळ घटतं आणि सोन्याची अंगठी अॅल्युमिनियमच्या रांगेत येऊन बसते. यंत्रात "कचरा गाळ" असं एक बटण असतं. त्याने गोळ्या आणि कड्या ऐकू येत नाहीत, जीव शांत राहतो. "ते बटण दाबणाऱ्यांच्या पायाखालून अंगठ्या जातात," तो म्हणाला. "फक्त लोखंड बंद कर. बाकी सगळं उकरायचं."

जाण्याआधी मी वहिनीकडून तिची अंगठी मागून घेतली. दोघांच्या अंगठ्या एकाच घडणीच्या, जोडीने केलेल्या. तिच्या अंगठीवर आकडा आला ४६. दादाची तीच, पण मापाने मोठी आणि पट्टी रुंद, म्हणजे आकडा थोडा वर जाणार. ५० ते ६० असं मी धरलं. कागदावर लिहिलंसुद्धा. कड्यांचा पट्टाही नेमका तोच, हे लिहायची गरज नव्हती.

शनिवारी ओहोटीच्या वेळेला पोचले. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि ती वेळ रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, एवढं तरी आधी बघून जावं लागतं. आमच्या नशिबाने अमावास्या जवळ होती, उधाणाचे दिवस, त्यामुळे पाणी नेहमीपेक्षा बरंच आत गेलं होतं. जिथे दादा त्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात उभा होता ती जागा आता ओली वाळू होती. दादा बरोबर होता. त्याने बोट दाखवलं: "इथे."

ओल्या वाळूवर कॉइल नेली आणि यंत्राने किंचाळायला सुरुवात केली. सगळीकडे. थांबून थांबून, विनाकारण. खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं, आणि साध्या एकाच वारंवारतेच्या यंत्राला ओली खारट वाळू म्हणजे एक मोठा पसरट धातूच वाटतो. घरच्या मातीत शिकलेलं सगळं पाण्यात. फोनवर विचारून विचारून सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणली, कॉइल एकाच जागी खाली-वर करत ग्राउंड बॅलन्स नव्याने लावला, म्हणजे वाळूचा स्वतःचा आवाज यंत्राने हिशेबातून वजा करायचा. मग ते जरा शहाण्यासारखं वागू लागलं. अर्थात सेन्सिटिव्हिटी कमी म्हणजे खोलीही कमी, हे मला कळत होतं आणि दादाला मी सांगितलं नाही.

तरीही चार पावलांगणिक एक कुरकुर यायची, ठरावीक तालात. वीस मिनिटं मी वाळूला दोष दिला. मग लक्षात आलं की ताल माझ्या चालण्याचा आहे. बुटांच्या तळव्यात पोलादी पट्टी होती. अनवाणी झाले. हाताने वाळू चाचपताना छोटा पिनपॉइंटर वापरतात, खड्ड्यात घालायची बॅटरीएवढी कांडी असते ती. तो माझ्याच बोटातल्या अंगठीवर वाजला तेव्हा दादा आठवड्यात पहिल्यांदा हसला.

त्या दिवशीचा माल: बाटल्यांची झाकणं अकरा, कड्या सात, केसांच्या पिना, तंबूची एक वाकडी खुंटी, गंजलेला मासेमारीचा गळ (हा बोटात घुसला, हातमोजे घालत जा), नाणी पाच आणि चाकं नसलेली खेळण्यातली मोटार. प्रत्येक खड्डा बुजवायचा आणि कचरा आपल्याबरोबर न्यायचा, हा सहकाऱ्याचा नियम. आणि परवानगीचं आधीच बघून ठेवायचं: बऱ्याच ठिकाणी यंत्र चालवायलाच मनाई असते, पुरातत्त्वाच्या संरक्षित जागांवर तर नावच काढू नये.

रविवारी तो स्वतः आला, त्याचं दुसरं यंत्र घेऊन. ते पल्स इंडक्शनचं, म्हणजे चुंबकीय क्षेत्र सतत न सोडता झटक्याझटक्याने सोडणारं. त्याला खारं पाणी फारसं छळत नाही आणि ते खोल जातं, मात्र लोखंड आणि सोनं यातला फरक त्याला धड कळत नाही, त्यामुळे दर आवाजाला खणावं लागतं. त्याने दोऱ्या बांधून वीस मीटर बाय वीस मीटरचा चौकोन आखला, त्यात एकेक मीटरचे पट्टे. दर फेऱ्यात कॉइलची निम्मी रुंदी पुढे सरकायचं, म्हणजे आधीच्या फेऱ्यावर निम्मी चढली पाहिजे. माझी कॉइल २८ सेंटीमीटरची, म्हणजे दर वेळी १४ सेंटीमीटर. एका पट्ट्याला १४० च्या वर फेरे. वीस पट्टे. गुणाकार मी तिथे केला नाही ते बरं. घरी येऊन केला: २,८०० च्या वर.

पाणी चढायला लागेपर्यंत आम्ही चौकोन पुरा केला. गुडघाभर पाण्यातही गेलो. काही नाही.

दादा म्हणाला, गेली ती गेली, सोनं जड, खोल बसली असेल. त्याचं अगदीच चूक नव्हतं. सोन्याची घनता पाण्याच्या १९ पट, मिश्रणाची थोडी कमी. लाटा वाळू ढवळतात तशी जड वस्तू खाली खाली जाते. पण सहकारी गप्प होता. सामान गाडीत ठेवताना त्याने मला विचारलं, "तुला बेल माहीत आहे? टेलिफोनवाला?"

१८८१ च्या जुलैमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरात राहिली आणि ती नेमकी कुठे आहे हे कळेना. क्ष-किरण तेव्हा माहीतच नव्हते. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी धातू हुडकणारं एक यंत्र घाईघाईने जुळवलं आणि ते घेऊन अध्यक्षांच्या बिछान्यापाशी गेले. आज आम्ही वाळूवर फिरवतो त्याचं ते पूर्वज. गोळी सापडली नाही. गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी घोळ केला असं सांगतात. ("तुझे बूट," सहकारी म्हणाला.) पण मुख्य गोष्ट वेगळीच होती. उपचार करणाऱ्या डॉक्टरांची खात्री होती की गोळी उजव्या बाजूला आहे, आणि त्यांनी बेल यांना उजवीकडेच शोधू दिलं. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड गेले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला निघाली.

"तुझ्या भावाला नीट विचार," तो म्हणाला. "कुठे हरवली असं विचारू नकोस, ते त्याने ठरवून टाकलंय. शेवटची बोटात कधी बघितली ते विचार."

दादाला विचारलं तर तो चिडला. जाणवलं म्हणतोय ना मी! म्हणून मग मी भाचीला गाठलं. तिच्या वयाच्या मुली दिवसाला शंभर फोटो काढतात, आणि फोनमध्ये प्रत्येकाला वेळ असते. रात्री अंथरुणात बसून तिने पाठवलेले ७३ फोटो एकेक मोठे करून बघितले. ४:१० ला दादा पाण्यात शिरतोय, बोटात अंगठी. ४:५२ ला दादा बाहेर आलाय, केस ओले, टॉवेल खांद्यावर, तोंडाला बाटली लावलीय. डाव्या हाताची बोटं बाटलीभोवती. फोटो मोठा केला. अजून मोठा केला. अंगठी बोटात होती.

पाण्यात तो त्यानंतर पुन्हा गेलाच नव्हता.

५:०३ च्या फोटोत तो भाचीकडे चेंडू फेकतोय, डावा हात हवेत पसरलेला, बोट मोकळं. म्हणजे अकरा मिनिटं, आणि तीही कोरड्या वाळूवर, चटईपाशी. निसटताना "जाणवलं" ते त्याच्या मनाने मागाहून रचलं होतं. खोटं बोलत नव्हता तो, आजही शपथेवर सांगेल.

मधला एक फोटो होता, ४:५८ चा. त्यात भाचीने स्वतःचा चेहरा काढलाय आणि मागे दादा बसून दोन्ही तळव्यांना पुन्हा सनस्क्रीन चोळतोय. अंगठी त्याने काढून शेजारी चटईवर ठेवली असणार. चोळताना ओशट होते म्हणून काढायची त्याची सवयच आहे. त्याच्या पलीकडे वहिनी उभी राहून चटईचं दुसरं टोक धरून वाळू झटकतेय. चटईची कड वाऱ्याने समुद्राच्या उलट बाजूला उडालीय.

पुढच्या शनिवारी मी एकटीच गेले.

फोटोवरून जागा शोधणं मला वाटलं त्याहून सोपं निघालं, आणि या सगळ्या उद्योगातला हा भाग मला सगळ्यात आवडतो. फोटोत मागे एका सूचनाफलकाचा खांब होता आणि त्याच्या बरोब्बर मागे दुबेळक्याचं एक झाड. खांब आणि झाड एकावर एक दिसतील अशा रेषेत उभं राहायचं. मग दुसऱ्या एका फोटोत खडकांचं टोक आणि त्यामागचा दिव्याचा खांब असेच जुळतात. पहिली रेष न सोडता पुढेमागे सरकायचं, तेही जुळेपर्यंत. दोन रेषा जिथे छेदतात तिथे त्या दिवशी फोन धरलेली भाची उभी होती. तिच्यापासून चार पावलांवर चटई. पाण्यातल्या वीस मीटरच्या चौकोनापासून ही जागा साठ-सत्तर पावलं वर होती, भरतीचं पाणी जिथवर येऊन कचऱ्याची रेघ सोडून जातं त्याच्याही वर.

आठ बाय आठचा चौकोन आखला, चटई उडाली त्या बाजूला जास्त. कोरडी वाळू, त्यामुळे यंत्र शांत. सेन्सिटिव्हिटी पूर्ण वर. पण चटया पसरायची जागा म्हणजे कड्यांचं शेतच. पहिल्या दोन पट्ट्यांत ५३, ५४, ५३, ५२. दर वेळी गुडघे टेकायचे, आडवी-उभी कॉइल फिरवून फुलीच्या मध्यावर जागा धरायची, भोकांच्या स्कूपने वाळू उपसायची, हलवायची. कडी. कडी. कडीचं निम्मं. सिगारेटच्या पाकिटातली चांदी. नवव्या कडीला मी मोठ्याने काहीतरी बोलले, पलीकडे फिरणारे आजोबा थबकून बघायला लागले.

चौथ्या पट्ट्यात पुन्हा ५३. खरं सांगते, सोडणार होते. आवाजात काही वेगळेपणा नव्हता. लोक म्हणतात सोन्याचा आवाज "भरीव" येतो, गोल येतो. मला तरी कडीसारखाच आला. कॉइल पुढे नेली, दोन फेरे झालेसुद्धा. मग ते "बाकी सगळं उकरायचं" आठवलं आणि मागे वळले, तेही कंटाळूनच.

पहिला स्कूप रिकामा. खड्ड्यावर कॉइल धरली तर आवाज अजून खालीच. दुसरा स्कूप जरा तिरका, खोल घातला, वीतभरापेक्षा थोडा कमी. उचलून हलवला. कोरडी वाळू भोकांतून पाण्यासारखी गळते. आधी वरचा ढीग खचला, मग मध्ये खळगा पडला, शिंपल्याचे तुकडे वर आले, स्ट्रॉचा एक तुकडा आला आणि कडेला टेकून, उभी, अंगठी. आधी नुसती कड दिसली. तेव्हाही मला कडीच वाटली होती.

हातात घेतली तर उन्हाने वरची वाळू तापलेली असूनही ती गार लागली. आतल्या बाजूला तारीख कोरलेली आहे, तिच्या आकड्यांत वाळूचे बारीक कण घट्ट बसले होते. ते मी काढले नाहीत. यंत्रावर एकदा धरून बघितली. ५३.

मागच्या दीड वर्षात आणखी सहा जणांसाठी गेले, चार सापडल्या. त्यातली एक भांडणात बागेत भिरकावलेली होती. ती फेकणाऱ्याच्याच हातात साधारण तेवढ्याच वजनाचा नट देऊन "तेव्हाच्या रागाने फेक" असं सांगितलं, पाच वेळा, आणि नट पडले तिथून सुरुवात केली. हिरवळीत वाळूसारखं उपसून चालत नाही. गवताची चकती तीन बाजूंनी कापून झाकणासारखी उलटायची आणि पुन्हा दाबून बसवायची, पाणी घालायचं. आता कोणाचाही फोन आला की मी आधी त्या दिवसाचे फोटो मागते. काहींना राग येतो.

दादाला मी एवढंच सांगितलं की कोरड्या वाळूत मिळाली. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "लाटेने वर फेकली असणार." आता सगळ्यांना तो तसंच सांगतो, लाटेची उंची दर वेळी थोडी वाढवून. पहिल्यांदा तो हे बोलला तेव्हा वहिनी अंगठी कापडाने पुसत होती. तिने माझ्याकडे बघितलं, मी फोन पर्समध्ये टाकला, आणि ती पुन्हा पुसायला लागली.

४:५८ चा फोटो माझ्याकडे आहे. भाचीने तिच्या फोनमधला पुसून टाकलाय.